सासूबाईंसाठी एक ट्रक

माणसाने एक वेळ सावकाराला शब्द द्यावा, पण सासूबाईंना देऊ नये. आणि द्यायचाच झाला तर त्यात 'संध्याकाळपर्यंत' हा शब्द तरी घालू नये. मी दोन्ही केलं. तेही सकाळी, चहाचा कप हातात असताना, म्हणजे पूर्ण शुद्धीत.

सासूबाई पाय प्लास्टरमध्ये घालून आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कोचावर मुक्कामाला होत्या. पाय कसा मोडला हे आम्ही लोकांना 'जिन्यावरून पडल्या' असं सांगत होतो. खरं म्हणजे मेहुण्याच्या इमारतीखाली कुणाची तरी स्कूटर लावलेली होती. आसपास कुणी नाही असं बघून सासूबाई तिच्यावर बसल्या, दोन्ही हातांनी हँडल धरलं, तोंडाने थोडा आवाजही केला म्हणतात, आणि वळण घेताना स्कूटरसकट आडव्या झाल्या. उभ्या स्कूटरवर वळण घेताना झालेला अपघात कागदावर कसा लिहायचा, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

तर अशा या बाई. कै. सासरेबुवांची गाडी होती आणि तिच्या डाव्या सीटवर सासूबाईंनी उभा जन्म बसून काढला होता. चाक कधी हातात आलं नाही. सासरेबुवा भला माणूस, पण गाडीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे; पुसायचं फडकंसुद्धा ते स्वतः धुवायचे. त्या दिवशी बायकोच्या फोनवर एका कॉम्प्युटर गेमची जाहिरात आली. ट्रक चालवायचा गेम. भलामोठा लाल ट्रक डोंगरातल्या रस्त्यावरून चाललाय. सासूबाईंनी फोन हातात घेतला तो परत देईनात.

"हा खरंच आपल्याला चालवता येतो?" त्यांनी विचारलं.

"अगं आई, खेळ आहे तो. पोरं खेळतात," बायको म्हणाली.

"पोरांना काय कळतंय ट्रकमधलं?"

"तुम्हाला चालवायचाच तर छोटी गाडीपण असते त्यात," मी म्हणालो.

"छोट्या गाडीत जन्म गेला, जावईबापू. आता उतरायचं तर ट्रकवरनंच उतरते." मग जरा थांबून, खिडकीकडे बघत, "एकदा तरी चाक हातात यावं, एवढंच. शनिवारी प्लास्टर निघालं की मी चालले पोराकडे. त्याच्याकडे कसला आलाय कॉम्प्युटर."

आता यावर कुठल्या जावयाला पाझर फुटणार नाही? मी म्हणालो, "त्यात काय! संध्याकाळपर्यंत बसवून देतो." बायकोने कपाळाला हात लावला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "तुम्ही प्रयत्न करता हो, तेच पुष्कळ." लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक कामगिरीवर त्यांचा हाच शेरा आहे. मी ठरवलं, की या खेपेला शेरा बदलून घ्यायचा.

आमचा कॉम्प्युटर म्हणजे टेबलावर पडदा आणि शेजारी सीपीयूचा उभा डबा, असा जुन्या घराण्यातला आहे. तो घरात आला तेव्हा सासूबाईंनी त्या डब्यासाठी स्वतःच्या हाताने एक कव्हर शिवून पाठवलं होतं. जाड गादीच्या कापडाचं, चारी बाजूंनी बंद, खाली झालर, आणि पुढे बटण दाबण्यापुरती एक झडप. एरवी हे कव्हर माळ्यावर असतं. सासूबाई यायच्या असल्या की आम्ही ते खाली काढतो, झटकतो आणि चढवतो. त्या जाईपर्यंत ते उतरत नाही. माणसाची माया माळ्यावर टाकलेली त्याला दिसू नये, एवढं आम्हाला कळतं.

पहिली लढाई खातं उघडण्याची. ट्रक चालवायला परवाना लागत नाही, पण या गेमवाल्यांकडे खातं लागतं. जन्मतारीख विचारली.

"दाखल्यावरची सांगू की खरी?" सासूबाई म्हणाल्या.

"खरी सांगा."

"खरी कुणाला ठाऊक? आई म्हणायची, त्या वर्षी नदीला पाणी फार आलं होतं."

दाखल्यावरची घातली. पुढे परवलीचा प्रश्न: लहानपणी पाळलेल्या प्राण्याचं नाव काय? सासूबाई विचारात पडल्या. "कुत्रं होतं एक. पण पाळलेलं म्हणता यायचं नाही. यायचं, जेवायचं, जायचं. तुमच्या सासऱ्यांच्या धाकट्या भावासारखं."

"नाव काय होतं?"

"नाव कशाला हवं? 'हाड' म्हटलं की जायचं."

मी 'हाड' लिहिलं. उत्तर फार लहान आहे म्हणून कॉम्प्युटरने परत केलं. 'हाडहाड' लिहिल्यावर चाललं. मग 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' असं म्हणून त्याने रस्त्याची चित्रं दाखवली, आणि ज्या चौकोनांत सिग्नल आहे ते निवडा म्हणाला. इथे आमच्या घरात दोन तट पडले. माझं म्हणणं, सिग्नलचा खांब हा सिग्नलचाच भाग. सासूबाईंचं म्हणणं, खांब हा खांब, दिवा असेल तोच सिग्नल. मी माझ्या मताप्रमाणे निवडलं. तुम्ही माणूस असल्याची खात्री पटली नाही, असं उत्तर आलं. पुन्हा निवडलं, पुन्हा तेच. बायको म्हणाली, "मलाही अधूनमधून पटत नाही." शेवटी सासूबाईंनी चष्मा लावून त्यांच्या पद्धतीने दिवे तेवढे निवडले आणि पहिल्या फटक्यात माणूस ठरल्या. त्या दिवशीची संध्याकाळ अशी गेली.

दुसऱ्या दिवशी गेम उतरवायला घेतला तर 'डिस्कवर जागा नाही'. यात माझ्या नोकरीचा दोष आहे. मी एका कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढण्याचं काम करतो, आणि तिथली शिस्त अशी की कुठल्याही कागदाच्या तीन प्रती हव्यात: मूळ प्रत, कार्यालयीन प्रत, जादा प्रत. ती शिस्त मी घरीही पाळतो. कॉम्प्युटरवर आमच्या लग्नाची चित्रफीत तीनदा होती. मी म्हणालो, "दोन काढून टाकू."

"कुठल्या दोन?" बायकोने विचारलं.

"कुठल्याही. सगळ्या सारख्याच आहेत."

"सारख्या आहेत हे तुम्ही बघितलंय का?"

मी बघितलं नव्हतं. त्रुटी काढणाऱ्या माणसाची ही त्रुटी माझ्या बायकोने अचूक पकडली. मग सर्वांत स्वच्छ प्रत कुठली हे ठरवायला आम्ही तिन्ही प्रती एकामागून एक पूर्ण पाहिल्या. पहिल्या वेळी बायको रडली. दुसऱ्या वेळी सासूबाईंना मागच्या रांगेत न बोलावता जेवून गेलेला एक गृहस्थ सापडला. तिसऱ्या वेळी मला स्वतःचाच चेहरा बघवेना. तोंड असं काही होतं की हा माणूस लग्न करतोय की दाढ काढून घेतोय हे कळू नये. सासूबाई म्हणाल्या, "बिचारे प्रयत्न करत होते तेव्हाही." शेवटी जादा प्रत आणि कार्यालयीन प्रत उडवली आणि जागा झाली.

गेम उतरला. आता फक्त बसवायचा. पडद्यावर निळी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली, आम्ही तिघं टक लावून बसलो, आणि पट्टी पाऊण वाट चालून गेली असेल नसेल तोच कॉम्प्युटर फटकन बंद. ना आवाज, ना सूचना, ना दिलगिरी. थोड्या वेळाने पुन्हा चालू केला, पुन्हा पट्टी, पुन्हा पाऊण वाट, पुन्हा अंधार. तिसऱ्यांदा मी नुसता त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो, न बघितल्यावर तरी पुढे जाईल म्हणून. तो तेवढ्यात बंद पडला.

अडचणीचा वास शेजाऱ्यांना फोडणीच्या आधी येतो. समोरचे व्होल्टेजकाका आले. हे निवृत्त आहेत, कशातून ते कुणाला ठाऊक नाही, पण जगातल्या सर्व दुःखांचं कारण कमी व्होल्टेज आहे यावर त्यांची अढळ श्रद्धा आहे. त्यांच्या मेहुणीचा स्वभावसुद्धा ते व्होल्टेजवर घालतात.

"दाब पडत नाही पुरेसा," सीपीयूची झालर बोटाने उचलून बघत ते म्हणाले. "फ्रीज बंद करा."

फ्रीज बंद केला. पट्टी पाऊण वाटेवर मेली.

"पंखे बंद करा."

पंखे बंद केले. आम्ही घामाघूम झालो आणि या खेपेला ती अर्ध्यावरच मेली.

"बघा! म्हणजे दाब आणखी कमी झाला," काका आनंदाने म्हणाले. एखाद्याच्या घरी आपलं म्हणणं खरं ठरतंय याचा आनंद काही वेगळाच असतो. ते खाली गेले आणि त्यांनी इमारतीच्या पाण्याचा पंपच बंद केला. त्यावर वरच्या मजल्यावरचे विमा एजंट टॉवेल गुंडाळून, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत साबणात, आमच्या दारात उभे राहिले. त्यांना भांडायचं होतं, पण सासूबाईंचा ट्रक बसवतोय हे कळल्यावर ते तसेच आत येऊन स्टुलावर बसले. "डोळ्यात जातोय," एवढंच मधूनमधून म्हणत होते.

तेवढ्यात शेजारच्या भूगोलाच्या बाई आल्या. त्यांचं मत पडलं की धूळ. धूळ यंत्रात गेली की संपलं. त्यांनी वर्गात शिरल्यासारखं शिरून सगळ्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले. आता खोलीत पंखा नाही, वारा नाही, सहा माणसं, त्यांतलं एक ओलं. फ्रीजमधलं दूध नासलं. पट्टी पाव वाटेवर येऊन थांबली. व्होल्टेजकाका आणि भूगोलाच्या बाई यांच्यात धूळ मोठी की दाब मोठा यावर असा वाद झाला, की बायकोने दोघांनाही सरबत द्यायचं सोडून स्वतःच पिऊन टाकलं.

सासूबाई मात्र कोचावरून सगळं शांतपणे बघत होत्या. फक्त रोज कॅलेंडरकडे एकदा बघायच्या. ते मला दिसायचं आणि मनाला लागायचं. शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी मी कचेरीतून गेमवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी होती. मी सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, "सर, आपली तक्रार अपूर्ण आहे."

माझ्या अंगावर काटा आला. हे वाक्य माझं आहे! रोज किती लोकांना मी ते ऐकवतो. "काय अपूर्ण आहे?" मी विचारलं.

"पडद्यावर आलेल्या सूचनेचा फोटो जोडलेला नाही."

"सूचना येतच नाही. कॉम्प्युटर बंद पडतो."

"मग बंद पडलेल्या पडद्याचा फोटो जोडा, सर."

मी घरी येऊन काळ्या पडद्याचा फोटो काढला आणि पाठवला. तासाभरात उत्तर आलं: 'आपण जोडलेलं चित्र स्पष्ट नाही.' दिवा लावून पुन्हा काढला. त्यात काळ्या पडद्यावर माझं बनियनमधलं प्रतिबिंब आलं. उत्तर: 'चित्रात दिसणारी वस्तू आमच्या उत्पादनाशी संबंधित नाही.' मी सरकारी खुर्चीवर बसणारा माणूस, आणि आता मी असंबंधित वस्तू झालो होतो. बायकोने ते उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं आणि सासूबाईंसकट सगळे इतके हसले की व्होल्टेजकाका काय झालं ते बघायला आले. मी रागाने जेवलो नाही. म्हणजे भाताशिवाय.

शनिवार. दुपारी प्लास्टर कापायचं होतं, मेहुणा परस्पर दवाखान्यात येऊन तिथूनच आईला घेऊन जाणार होता. सासूबाईंची बॅग दाराशी तयार होती. मी सकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून बसलो. मंडळी जमलीच होती; आता काही कुणाला बोलवावं लागत नव्हतं. खिडक्या बंद, पंखे बंद, विमा एजंट या खेपेला साबण न लावता आलेले. निळी पट्टी निघाली. पाव झाली. अर्धी झाली. पाऊण झाली. कुणी श्वास घेईना. आणि फटकन अंधार.

मी दोन्ही हात टेबलावर टाकले आणि खरंच सांगतो, मला रडू यायच्या बेतात होतं. "आई," मी म्हणालो, "नाही जमत हो मला."

आता 'प्रयत्न करता हो' येणार म्हणून मी मान खाली घातली. पण सासूबाई कुबडी घेऊन उठल्या, टेबलाशी आल्या आणि सीपीयूच्या कव्हरवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"अगंबाई! हा तर फणफणलाय. याला उकडतंय, आणि तुम्ही खिडक्या लावून बसलाय? माझ्या या पायाला विचारा बंद असणं काय असतं ते. आत नुसती आग आग होते. आणि यालाही भरउन्हाळ्यात हे एवढं जाड कुणी चढवलं?"

बायको छताकडे बघू लागली. मी म्हणालो, "तुम्हीच शिवलंय, आई."

"शिवलंय मी, ते धूळ बसू नये म्हणून, बंद असताना घालायला. चालू असताना घालून ठेवा असं मी कधी म्हटलं?"

"काढलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून..."

"मला? मला तर वाटायचं तुम्हाला फार आवडतं. जेव्हा येते तेव्हा घातलेलंच. म्हणून मी काही बोलत नव्हते. नाहीतर ती झालर मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको झालीये!"

म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्यांच्या मनासाठी आणि त्या आमच्या मनासाठी एका निरपराध यंत्राला गादीत गुंडाळून ठेवलं होतं. कव्हर काढायला गेलो तर त्याची चेन अडकली होती. सासूबाई म्हणाल्या, "कात्री आण गं," आणि स्वतःच्या हाताने घातलेली शिवण त्यांनी स्वतःच्या हाताने उभी फाडली. आतून असा वाफारा आला की भूगोलाच्या बाई दोन पावलं मागे सरल्या. खिडक्या उघडल्या, पंखे लावले, विमा एजंट वर्तमानपत्राने डब्याला वारा घालू लागले. व्होल्टेजकाका म्हणाले, "दाबाचंही थोडं असणारच," पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पट्टी निघाली. पाऊण झाली. पाऊण ओलांडली! ओलांडल्यावर पुढे काय करायचं असतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे उभे राहिले. पट्टी भरली, पडदा उजळला, आणि इंजिनाचा असा घरघराट सुरू झाला की कपाटातल्या बशा हलल्या. बायकोने टाळी वाजवली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला, तो कौतुकाचा होता असं नंतर कळलं.

सासूबाईंना खुर्चीत बसवलं, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवला. पडद्यावर ट्रकचं भलंथोरलं चाक, आणि त्या चाकावर दोन हात.

"हे कुणाचे हात?" त्यांनी विचारलं.

"तुमचेच, आई."

"माझे हात एवढे केसाळ कधी झाले?"

"तिकडे लक्ष देऊ नका. हा बाण दाबला की पुढे, हा डावीकडे, हा उजवीकडे."

त्यांनी एक बोट बाणावर ठेवलं. ट्रक हलला. सासूबाईंच्या तोंडून बारीकसा आवाज आला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी एक कुंपण नेलं, मग पेट्रोल पंपाची पाटी नेली, पण मग ट्रक रस्त्याला लागला तो लागलाच. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि सासूबाई ताठ बसून, प्रत्येक वळणावर खुर्चीसकट कलत. आम्ही सगळे पाठीमागे ओळीने उभे होतो आणि वळणावर आम्हीही कलत होतो. "समोर उत्तर दिशा," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "वेग बेताचा ठेवा," विमा एजंट म्हणाले. मागून हॉर्न देणाऱ्या एका गाडीला सासूबाईंनी असं काही सुनावलं की ते इथे लिहिता येणार नाही. सासरेबुवांच्या शेजारी बसून बाईंचं शिक्षण किती पक्कं झालं होतं ते तेव्हा समजलं.

प्लास्टर, दवाखाना, बॅग, सगळं आम्ही विसरलो. भिंतीवरच्या घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही. मग माझा फोन वाजला. मेहुणा होता.

"भावजी, मी दवाखान्यात कधीचा येऊन थांबलोय! आई कुठे आहे?"

मी पडद्याकडे बघितलं. "पुलावर," मी म्हणालो.

"पुलावर? कसल्या पुलावर? ती चालत निघाली की काय?"

"नाही हो. ट्रक घेऊन गेल्यात."

तो एकदम ओरडला, "अहो, पाय मोडलाय तिचा! द्या, आधी तिला फोन द्या!"

मी फोन सासूबाईंच्या कानाशी नेला. त्यांनी मान वळवली नाही. पूल संपत आला होता, पुढे घाटाचा चढ होता, आणि त्यांचे डोळे रस्त्यावर होते.

"त्याला म्हणावं, मी गाडी चालवतेय," सासूबाई म्हणाल्या. "चालवताना मी कुणाशी बोलत नाही."

मी त्याला तसंच सांगितलं आणि फोन ठेवून दिला.